फेरो बेटांवरचा गोवर, १८४६: शरीराने पासष्ट वर्षं जपलेली ओळख

२० मार्च १८४६ रोजी एक सुतार कोपनहेगनहून जहाजात बसला. निघण्यापूर्वी तो गोवर झालेल्या ओळखीच्या माणसांना भेटून आला होता. जहाजावर त्याची तब्येत ठणठणीत होती. २८ मार्चला तो फेरो बेटांवरच्या टोर्सहाव्न बंदरात उतरला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तापाने पडला. पाठोपाठ अंगावर गोवर उठला. त्यानंतर त्याचे दोन जवळचे मित्र आजारी पडले, मग त्यांच्या आसपासची माणसं. पुढच्या सहाएक महिन्यांत साधारण ७,८०० वस्तीच्या या बेटांवर ६,००० हून अधिक लोकांना गोवर झाला आणि शंभराहून जास्त माणसं दगावली.

रोगप्रतिकारक शक्ती म्हणजे काय, हे समजावून सांगताना बहुतेक वेळा सैन्य, किल्ला आणि शत्रू यांची उपमा दिली जाते. मला ती अपुरी वाटते. लढाई तिच्यात छान दिसते, पण लढाई संपल्यावर शरीरात काय उरतं ते दिसत नाही. ते समजून घ्यायचं असेल, तर १८४६ सालच्या या साथीइतकं स्वच्छ प्रकरण मला दुसरं माहीत नाही. त्यात प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, रक्ततपासणी तर नाहीच. आहेत फक्त बेटं, तारखा आणि गावोगाव फिरून माणसांना प्रश्न विचारणारा पंचवीस वर्षांचा एक डॉक्टर.

मधली पासष्ट वर्षं

फेरो बेटं स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात आहेत. वस्ती असलेली बेटं सतरा. त्या काळी तिथला सगळा व्यापार डेन्मार्कच्या राजाच्या मक्तेदारीत होता, त्यामुळे बाहेरच्या जहाजांची ये-जा फारच कमी असे. या बेटांवर त्याआधी गोवर आला होता तो १७८१ मध्ये. त्यानंतर थेट १८४६ मध्ये. मधल्या पासष्ट वर्षांत तिथे गोवराची साथ नव्हती.

हा काळ इतका लांबला, याचं कारण गोवराच्या स्वभावातच आहे. हा विषाणू माणसाशिवाय दुसरीकडे वस्ती करून राहत नाही. एका माणसाच्या शरीरात तो दोन-तीन आठवडे टिकतो, आणि तेवढ्यात त्याला पूर्वी गोवर न झालेला दुसरा माणूस सापडावा लागतो. छोट्या वस्तीत असे लोक लवकर संपतात आणि साखळी तुटते. बेटांवरच्या साथींचा पुढे जो अभ्यास झाला, त्यातून असं दिसलं की गोवर एखाद्या लोकसंख्येत अखंड टिकायला साधारण अडीच ते पाच लाख माणसं लागतात. फेरो बेटांवर आठ हजारही नव्हती. म्हणून १७८१ ची साथ विझली आणि पुढची ठिणगी बाहेरून पडेपर्यंत काहीच झालं नाही.

डेन्मार्क सरकारने पीटर लुडविग पानुम आणि ऑगस्ट मानिकस या दोन तरुण डॉक्टरांना तिकडे पाठवलं. पानुम नुकताच वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाला होता. त्या वेळी रोग कसे पसरतात यावर दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, हवा दूषित झाली की रोग होतो. दुसऱ्याचं, माणसाकडून माणसाला काहीतरी जातं. गोवराच्या बाबतीत पुष्कळ डॉक्टर दोन्हींचा मेळ घालत. जंतू रोग घडवतात हे सिद्ध व्हायला अजून दोन-तीन दशकं होती आणि विषाणू ही कल्पनाच नव्हती. पानुमला उपचार म्हणून फारसं काही करता येण्याजोगं नव्हतंच. त्याने नोंदी केल्या, आणि त्या १८४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

तेरा-चौदा दिवस

ट्योर्नुविक नावाच्या छोट्या गावातली एक होडी ४ जून रोजी वेस्टमन्ना इथे देवमाशांच्या शिकारीला गेली. होडीत दहा माणसं होती. शिकारीच्या गर्दीत गोवराचा संसर्ग होता. माणसं गावी परतली आणि आपापल्या कामाला लागली. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर गोवर उठला. दहाच्या दहा, चौदा दिवसांनी.

मोठ्या शहरात असं काही कधी दिसलंच नसतं. तिथे कोणाला कोणाकडून कधी लागण झाली याचा पत्ता लागत नाही. इथे गावं एकमेकांपासून डोंगरांनी आणि समुद्राने तोडलेली, बाहेरचा माणूस कधी आला हे सगळ्यांना पाठ. पानुमने गावामागून गाव तारखा जुळवून पाहिल्या. संपर्काच्या दिवसापासून पुरळ उठेपर्यंत सगळीकडे तेरा-चौदा दिवसांचं अंतर निघालं. ज्या वस्त्यांनी बाहेरच्यांना लांब ठेवलं त्या वाचल्या. दूषित हवेची कल्पना या तारखांपुढे टिकेना.

पण त्या चौदा दिवसांत शरीरात काय चाललेलं असतं? हे पानुमला कळायला मार्ग नव्हता. आज आपण त्याच तारखांवर बोट ठेवून बरंच काही सांगू शकतो.

विषाणू श्वासावाटे आत येतो. श्वासमार्गात आणि फुप्फुसांत गस्त घालणाऱ्या पेशी असतात. काही परक्या गोष्टी गिळतात, काही त्यांचा नमुना उचलून जवळच्या लसिका गाठींपर्यंत, म्हणजे पांढऱ्या पेशी जिथे गोळा होतात त्या छोट्या गाठींपर्यंत, नेतात. सर्वसाधारण जंतूसाठी हा पहारा पहिल्याच दिवशी धोक्याचा असतो. गोवराचा विषाणू नेमक्या याच पेशींना धरतो. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी१५० नावाचं एक प्रथिन असतं, त्याला चिकटून तो आत शिरतो. नमुना पोचवायला निघालेला पहारेकरी अशा रीतीने विषाणूलाच पाठीवर घेऊन लसिका गाठीत पोचतो. तिथे तेच प्रथिन अंगावर असलेल्या कितीतरी पेशी त्याला आयत्या मिळतात.

संसर्ग झालेली पेशी एरवी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. या इशाऱ्यानेच फ्लूच्या पहिल्या दिवसापासून आपलं अंग मोडून येतं. गोवराच्या विषाणूकडे हा इशारा दाबून टाकणारी स्वतःची प्रथिनं आहेत. म्हणून पहिले नऊ-दहा दिवस माणसाला काही जाणवत नाही. ट्योर्नुविकची दहा माणसं हातपाय धडधाकट ठेवून होडी वल्हवत घरी आली, जेवली, झोपली, कामाला गेली. त्यांच्या लसिका गाठींत तेव्हा विषाणूची पैदास सुरू होती.

त्याच गाठींत दुसरंही एक काम चालू असतं, आणि सगळ्या प्रकरणाचा गाभा त्यात आहे. आपल्या शरीरात बी पेशी आणि टी पेशी अशा दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर एका विशिष्ट आकाराचा ग्राहक, म्हणजे जुळणारी गोष्ट पकडणारं प्रथिन, असतो, आणि हे आकार जन्मापूर्वीपासून जनुकांच्या तुकड्यांची जुळवाजुळव करून बनत राहतात. जगात कोणता रोग आहे हे पाहून ते बनत नाहीत. असंख्य आकारांच्या चाव्या आधीच घडवून ठेवाव्यात आणि एखादं कुलूप समोर आलं की ज्या चावीने ते उघडेल तिच्याच हजारो प्रती काढाव्यात, असा हा प्रकार आहे. मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये ही कल्पना मांडली. थोड्या जनुकांतून इतके आकार कसे निघतात, हे सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

गोवराला जुळणाऱ्या पेशी सुरुवातीला मूठभरच असतात. त्या सापडायला, वाढायला, कामाला लागायला आठवडा-दीड आठवडा जातो. ताप, खोकला, गळणारं नाक, लाल डोळे ही लक्षणं दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसतात आणि पुरळ चौदाव्याच्या आसपास. ते पुरळ विषाणूने थेट केलेलं नसतं. त्वचेतल्या ज्या पेशींत विषाणू शिरला आहे, त्यांच्यावर टी पेशी चालून येतात आणि त्या झटापटीची खूण म्हणून अंग लाल होतं. गोवर ‘बाहेर पडला’ की जीवाला उतार पडतो, असं जुनी माणसं म्हणत. त्या निरीक्षणात तथ्य होतं: पुरळ येतं तेव्हा शरीराची बाजू वर आलेली असते.

याचा पुरावा १९५० च्या दशकात काही आजारी मुलांमुळे मिळाला. रक्ताचा कर्करोग झालेल्या काही मुलांना गोवराच्या विषाणूमुळे प्राणघातक न्यूमोनिया झाला, पण त्यांच्या अंगावर पुरळ आलंच नाही. झगडायला टी पेशी पुरेशा नव्हत्या. याच्या उलट, ज्या मुलांच्या शरीरात जन्मतःच प्रतिपिंडं (बी पेशींपासून तयार होणारी, विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं) बनत नव्हती पण टी पेशी शाबूत होत्या, त्यांना गोवर नेहमीसारखाच झाला, पुरळ आलं आणि ती बरी झाली. म्हणजे चालू संसर्ग निपटून काढायचं मुख्य काम टी पेशींचं. प्रतिपिंडांचं मोठं काम पुढच्या वेळी विषाणूला आत शिरू न देण्याचं.

अठ्ठ्याण्णव म्हातारी माणसं

आता या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद.

पानुमला बेटांवर अशी ९८ वृद्ध माणसं भेटली ज्यांना १७८१ च्या साथीत, लहानपणी किंवा तरुणपणी, गोवर झाला होता. १८४६ मध्ये त्यांची वयं पासष्टच्या पुढे होती. घरातली मुलं, सुना, नातवंडं गोवराने आजारी होती, तीही एकाच छपराखाली. या ९८ पैकी एकालाही पुन्हा गोवर झाला नाही.

म्हातारपणी गोवर होतच नसेल, असं कोणी म्हणेल. पण ज्या वृद्धांना १७८१ मध्ये गोवर झाला नव्हता, ते संपर्कात आले तेव्हा आजारी पडले. तुलनेसाठी दुसरा गट पानुमला आपोआप मिळाला: वय तेच, गाव तेच, घरं तशीच, फरक एवढाच की पासष्ट वर्षांपूर्वी एकाला गोवर झाला होता आणि दुसऱ्याला नाही. आजच्या कोणत्याही संशोधकाला असा प्रयोग मुद्दाम करता येणार नाही.

एकदा गोवर झाला की पुन्हा होत नाही, हे लोकांना माहीत होतंच. मात्र सामान्यपणे त्यात एक शंका उरते. गोवर दर दोन-चार वर्षांनी येणाऱ्या शहरात माणूस आयुष्यभर पुन्हा पुन्हा विषाणूच्या संपर्कात येत असतो. त्याची प्रतिकारशक्ती टिकते ती पहिल्या आजारामुळे, की दर वेळी मिळणाऱ्या उजळणीमुळे? शहरातल्या माणसाकडे पाहून हे ठरवता येत नाही. फेरोच्या म्हाताऱ्यांना मात्र पासष्ट वर्षांत उजळणी मिळाली नव्हती. ते सगळं एकाच संसर्गाच्या बळावर टिकलं होतं.

हे किती आश्चर्याचं आहे ते एका साध्या हिशेबाने कळतं. रक्तात दीर्घकाळ राहणाऱ्या आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांचं प्रमाण नवा पुरवठा नसेल तर साधारण २१ दिवसांत निम्म्यावर येतं. पासष्ट वर्षांत असे अकराशेहून जास्त टप्पे होतात. १७८१ मध्ये बनलेल्या प्रतिपिंडांपैकी एकही रेणू १८४६ मध्ये उरणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या म्हाताऱ्यांच्या रक्तात जी काही प्रतिपिंडं होती ती नुकतीच, गेल्या काही आठवड्यांत तयार झालेली होती. विषाणू पासष्ट वर्षं समोर नसताना कोणीतरी त्याच्याविरुद्धचं हत्यार घडवत बसलं होतं.

हे कोण करतं याचं उत्तर १९९० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. संसर्गाच्या वेळी ज्या बी पेशींची निवड होते त्यांतल्या काही अस्थिमज्जेत जाऊन मुक्काम ठोकतात. त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात. त्या पुन्हा विभाजित होत नाहीत, जंतूची वाट पाहत नाहीत, नुसती प्रतिपिंडं सोडत राहतात. त्यातल्या काही फार दीर्घकाळ जगतात. त्यांच्या जोडीला स्मृतिपेशी असतात. त्या प्रतिपिंडं सोडत नाहीत, रक्तातून आणि लसिका गाठींतून फिरत राहतात आणि ओळखीचा विषाणू दिसला की काही दिवसांतच संख्या वाढवतात. पहिल्या वेळी जिथे दीड आठवडा लागतो तिथे दुसऱ्या वेळी तीन-चार दिवस पुरतात.

इथे गोवराचा संथपणा माणसाच्या कामी येतो. विषाणूला आजार उभा करायला चौदा दिवस लागतात. स्मृतिपेशींना त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. समजा एखाद्या वृद्धाची प्रतिपिंडं फार कमी झाली असती आणि विषाणू आत शिरलाही असता, तरी तो पसरण्याआधीच गाठला गेला असता. ज्या रोगांत विषाणू दोन-तीन दिवसांत काम उरकतो, तिथे स्मृतिपेशींना एवढी सवड मिळत नाही.

दुसरी गोष्ट विषाणूच्या चेहऱ्याची. १७८१ चा गोवर आणि १८४६ चा गोवर शरीराच्या दृष्टीने एकच होता. या विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं फारशी बदलू शकत नाहीत. पेशीला चिकटण्याची जागा बदलली तर त्याला आत शिरताच येत नाही. फ्लूचा विषाणू आपला चेहरा सतत बदलत राहतो, म्हणून त्याची जुनी ओळख पुढच्या साथीत अपुरी पडते. त्या ओळखीत खोट मात्र नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९१८ च्या फ्लूच्या काळात लहान असलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं गेलं, त्यांची वयं ९१ ते १०१ होती. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्याकडे त्याच १९१८ च्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं होती.

गोवराच्या प्रतिपिंडांबद्दल एक आकडा पुष्कळदा सांगितला जातो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ४५ माणसांच्या रक्ताचे २६ वर्षांपर्यंतचे नमुने तपासले आणि गोवरविरोधी प्रतिपिंडं निम्म्यावर यायला ३,००० हून अधिक वर्षं लागतील असा अंदाज काढला. धनुर्वाताच्या प्रतिपिंडांसाठी तोच अंदाज ११ वर्षांचा होता. आकडा चकित करणारा आहे, आणि गोवराची पातळी जवळजवळ घटतच नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. पण उजळणीची शंका अशा अभ्यासांत पूर्णपणे फिटत नाही. त्या शंकेपुरता मी फेरोच्या अठ्ठ्याण्णव माणसांवर जास्त भरवसा ठेवतो.

तान्ही मुलं आणि पन्नाशीतली माणसं

मृत्यूंच्या नोंदींत एक विचित्र आकार दिसतो. एक वर्षाखालच्या मुलांमध्ये मृत्यू नेहमीपेक्षा फार वाढले. एक ते वीस वर्षांच्या वयात ते जवळजवळ वाढलेच नाहीत. तिशीनंतर पुन्हा चढण लागते आणि पन्नाशी-साठीत ती तीव्र होते.

तान्ह्या मुलांचं काय झालं असावं? गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची आयजीजी प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात जातात. त्यामुळे जिथे गोवर नेहमीचा आहे तिथे बाळाला पहिले काही महिने आईच्या आजाराचा फायदा मिळतो. ते स्वतः काही शिकलेलं नसतं, तरी आईने शिकलेलं त्याच्या अंगात असतं. १८४६ मध्ये फेरोवर मूल होण्याच्या वयातल्या जवळजवळ सगळ्याच बायकांना कधी गोवर झाला नव्हता. द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. शिवाय त्याच आठवड्यात त्या स्वतः तापाने पडलेल्या होत्या, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं त्यात काय होणार? पानुमच्या तक्त्यातून हे दोन घटक वेगळे करता येत नाहीत, पण ज्या आज्यांच्या अंगात गोवराची ओळख होती त्यांची ती बाळापर्यंत पोचायला काही वाट नव्हती, एवढं नक्की. आईची प्रतिपिंडं वर्षभरात विरून जातात. ती देणगी मुलीकडून नातीकडे जात नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने कमवावी लागते.

पन्नाशीतल्या माणसांची अडचण वेगळी. नवीन टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी पौगंडावस्थेनंतर आक्रसत जाते. वाढत्या वयात जुन्या ओळखी भरपूर असतात, पण कधीच न पाहिलेल्या विषाणूशी जुळणाऱ्या कोऱ्या पेशींचा साठा कमी झालेला असतो. दहा वर्षांच्या मुलाचं शरीर नवा धडा ज्या सहजतेने शिकतं, तसं पंचावन्न वर्षांच्या माणसाचं शिकत नाही. एकाच गावात सत्तर वर्षांची आजी निर्धास्त फिरते आहे आणि तिचा पन्नास वर्षांचा मुलगा अंथरुणात आहे, हे दृश्य त्या वर्षी कितीतरी घरांत दिसलं असेल. वयाने दुबळी ती, पण गोवरापुरती सुरक्षितही तीच.

ओळख देणारा आणि पुसणारा

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की एकदा गोवर होऊन गेलेला बरा, कायमची चिंता मिटली. हा समज मला धोकादायक वाटतो, म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर.

विषाणू सीडी१५० ला चिकटून पेशीत शिरतो हे वर आलं. हे प्रथिन स्मृतिपेशींवर भरपूर असतं. म्हणजे आजवर झालेल्या इतर सगळ्या संसर्गांच्या आठवणी ज्या पेशींत साठवलेल्या आहेत, त्यांनाच गोवर आधी गाठतो. आजार ओसरताना शरीर संसर्ग झालेल्या पेशी मारून टाकतं. विषाणू जातो, आणि त्याच्यासोबत त्या आठवणीही जातात. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण नव्या भरतीत गोवर ओळखणाऱ्या पेशींचा भरणा असतो.

याची पहिली चाहूल १९०८ मध्ये लागली होती. क्लेमेन्स फॉन पिर्के यांना असं आढळलं की ज्या मुलांच्या त्वचेवर क्षयाची चाचणी एरवी लाल उठत असे, त्यांच्यात गोवराच्या दिवसांत ती उठेनाशी होते. ही चाचणी लाल उठते ती शरीराला क्षयाच्या जंतूची जुनी ओळख असते म्हणून. २०१५ मध्ये इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्क इथल्या जुन्या मृत्यूनोंदी तपासल्यावर दिसलं की गोवराच्या साथीनंतर दोन ते तीन वर्षं मुलांमध्ये इतर संसर्गांनी होणारे मृत्यू वाढलेले राहत. २०१९ मध्ये नेदरलंड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के हिस्सा नाहीसा झाला होता. लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही.

तेव्हा १७८१ मध्ये त्या ९८ जणांना पासष्ट वर्षं टिकणारी एक ओळख मिळाली ती बऱ्याच इतर ओळखी गमावून, हे धरून चालायला हवं. त्या मुलांना पुढच्या दोन-तीन वर्षांत काय काय झालं याची नोंद पानुमसमोर नव्हती. त्याला भेटले ते वाचलेले. १७८१ मध्ये गोवराने किंवा त्यानंतरच्या दुसऱ्या कोणत्या तापाने गेलेली मुलं १८४६ मध्ये साक्ष द्यायला नव्हतीच. या प्रकरणाची ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. ‘आमच्या वेळी सगळ्यांना व्हायचा, काही झालं नाही’ असं सांगणारा माणूस नेहमी वाचलेल्यांपैकी असतो.

पानुमबद्दल एक गोष्ट जाता जाता. पुढे तो शरीरक्रियाशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक झाला आणि १८५६ मध्ये त्याने दाखवलं की कुजलेल्या द्रव्यातलं विष उकळूनही नष्ट होत नाही. काही जिवाणूंच्या आवरणात असणाऱ्या, आज एंडोटॉक्सिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाकडे नेणारं ते पहिलं पाऊल होतं. आपल्या गस्ती पेशी ज्या खुणांवरून जिवाणू ओळखतात त्यातली ही सर्वांत ठळक खूण, आणि ती टिपणारा ग्राहक १९९८ मध्ये निश्चित झाला. जन्मजात पहारा आणि कमावलेली ओळख या दोन्ही दालनांच्या उंबऱ्याशी एकच माणूस जाऊन पोचला, आणि तेही त्या दालनांना नावं मिळण्याच्या कितीतरी आधी.

लसीची परीक्षा

गोवराचा विषाणू १९५४ मध्ये वेगळा काढला गेला आणि १९६३ मध्ये त्याच्यापासून केलेल्या लसीला अमेरिकेत परवानगी मिळाली. पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केलेला जिवंत विषाणू त्यात असतो. शरीर त्याच्याकडून तोच धडा शिकतं: बी पेशींची निवड, अस्थिमज्जेतला मुक्काम, स्मृतिपेशी, सगळं तसंच. फक्त विषाणू सर्वांगात थैमान घालत नाही. एका मात्रेने सुमारे ९३ टक्के आणि दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के लोकांना संरक्षण मिळतं. गोवराचा एक रुग्ण पूर्वी आजार न झालेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना लागण करतो, म्हणून साखळी तुटायची तर सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. लस घेण्याइतकं वय न झालेली बाळं आणि ज्यांना ती देता येत नाही असे आजारी लोक या उरलेल्या पाचात येतात.

यातून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे आणि तो थेट फेरोपर्यंत जातो. जिथे लसीकरणाने गोवर हद्दपार झाला, तिथली माणसं आता त्या म्हाताऱ्यांसारखीच आहेत: एकदा ओळख झाली, पुढे उजळणी नाही. फिनलंडमध्ये १९८२ पासून दोन मात्रांचं लसीकरण झालं आणि गोवर नाहीसा झाला. तिथे लस घेतलेल्या मुलांचं रक्त वीस वर्षांनी तपासलं तेव्हा गोवराविरुद्धची प्रतिपिंडं बहुतेकांमध्ये होती, पण पातळी हळूहळू खाली आलेली होती. प्रत्यक्ष आजाराने मिळणारी ओळख आणि लसीने मिळणारी ओळख यांत तेवढा फरक दिसतो. घटलेल्या पातळीमागे स्मृतिपेशी उभ्या असतात आणि गोवराचे ते चौदा संथ दिवस त्यांच्या बाजूने असतात, म्हणून मला याची फार धास्ती वाटत नाही. तरी अंदाज तो अंदाजच, आणि पासष्ट वर्षांचा पुरावा तो पुरावा. १९६३ मध्ये जिवंत लस टोचून घेतलेली पहिली मुलं २०२८ मध्ये त्या टप्प्यावर पोचतील.